स्वतःच्याच सुटकेचे पैसे : हैती, फ्रान्स आणि १२२ वर्षांचं कर्ज

१८२५च्या जुलै महिन्यात हैतीतल्या पोर्ट-ओ-प्रिन्सच्या बंदरात फ्रान्सच्या राजाचा दूत उतरला. बॅरन द माको त्याचं नाव, पेशाने नौदल अधिकारी. त्याच्याजवळ राजा दहावा चार्ल्स याचं फर्मान होतं आणि फर्मानाला जोर यावा म्हणून पाठीशी चौदा युद्धनौका आणि पाचशेहून जास्त तोफा होत्या. फर्मानातल्या मजकुराचा सारांश असा : सँ-दोमँगच्या फ्रेंच भागातल्या सध्याच्या रहिवाशांनी १५ कोटी फ्रँक पाच समान हप्त्यांत भरावेत. तिथल्या जुन्या मळेवाल्यांना हे पैसे नुकसानभरपाई म्हणून वाटले जातील. फ्रान्सच्या व्यापाराला बंदरात निम्मीच जकात पडावी. एवढं मान्य असेल तर राजा त्यांना स्वातंत्र्य बहाल करील.

हा देश तेव्हा एकवीस वर्षांपासून स्वतंत्र होता. १ जानेवारी १८०४ रोजी त्याने स्वतःचं नाव ‘हैती’ असं ठेवलं होतं. बेटावरच्या मूळ ताइनो लोकांच्या भाषेतला हा शब्द, अर्थ ‘डोंगरांची भूमी’. फर्मानात मात्र जुनं फ्रेंच नावच होतं, आणि ज्यांच्याकडून पैसे मागितले होते ती माणसं म्हणजे पूर्वीचे गुलाम आणि त्यांची मुलं. ज्या मालमत्तेची भरपाई मागितली जात होती, तिच्यात ती स्वतःही मोजलेली होती.

हैती म्हटलं की आपल्याला २०१० सालचा भूकंप आठवतो, टोळीयुद्ध आठवतं, ‘पश्चिम गोलार्धातला सर्वात गरीब देश’ हे बातम्यांतलं ठरलेलं वाक्य आठवतं. त्या वाक्याच्या मागे हा हिशोब आहे, आणि युरोपच्या भरभराटीचा इतिहास वाचताना तो सहसा समोर येत नाही. म्हणून तो नीट उलगडून सांगावासा वाटतो.

सुरुवात उसापासून करावी लागते. कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पॅनिओला बेटाचा पश्चिमेकडचा तिसरा हिस्सा १६९७च्या तहाने स्पेनकडून फ्रान्सकडे आला. पुढच्या नव्वद वर्षांत त्या तुकड्याने जे पिकवलं त्याला तोड नव्हती. १७८०च्या दशकात युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी सुमारे ४० टक्के आणि कॉफीपैकी सुमारे ६० टक्के माल या एका वसाहतीतून येत होता. आकाराने ती केवढी? पुणे आणि नाशिक हे दोन जिल्हे एकत्र केले तर आजच्या हैतीपेक्षा थोडे मोठेच भरतील. बोर्दो आणि नांत या बंदरांतल्या दगडी हवेल्यांच्या पायात या व्यापाराचा पैसा आहे. माल तिथे उतरायचा आणि बराचसा पुढे उत्तर युरोपात विकला जायचा.

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको की तोडलेला ऊस थांबत नाही. एक-दोन दिवसांत रस बिघडायला लागतो. म्हणून हंगामात चरक रात्रंदिवस फिरता ठेवावा लागतो आणि काहिलींखालचा जाळ विझू देता येत नाही. सँ-दोमँगच्या मळ्यांवर हे काम गुलाम करत. दिवसभर ऊसतोड आणि रात्री चरकावर पाळी. झोपेने डुलणाऱ्या माणसाचा हात चरकाच्या फिरत्या रुळांमध्ये सापडला की चरक लगेच थांबवता येत नसे. कॅरिबियन मळ्यांच्या वर्णनांत चरकाशेजारी तयार ठेवलेल्या धारदार पात्याचा उल्लेख येतो. हात तोडायचा, म्हणजे माणूस आत ओढला जायचा नाही.

माणसं इतकी मरत की जन्मांनी मृत्यूंची भरपाई होत नसे. मळेवाल्यांचा हिशोब सरळ होता : आहेत त्यांना जगवण्यापेक्षा नवे विकत आणणं स्वस्त. १७८०च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेतून वर्षाला तीस हजारांहून अधिक माणसं या वसाहतीत आणली जात होती. १७८९ साली तिथे सुमारे ५ लाख गुलाम होते, गोरे साधारण ३० हजार आणि जवळपास तेवढेच गुलाम नसलेले मिश्रवर्णीय आणि काळे लोक.

त्याच १७८९च्या ऑगस्टमध्ये पॅरिसमध्ये माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा निघाला. सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, असं त्यात लिहिलं होतं. हे वाक्य समुद्रापलीकडच्या ५ लाख माणसांना लागू होतं का, यावर पॅरिसमध्ये वाद झडत राहिले. उत्तर आलं ते मळ्यांतून. २२ ऑगस्ट १७९१च्या रात्री उत्तरेकडच्या मैदानात उठाव झाला आणि उसाचे फड पेटले. दोन वर्षांत वसाहतीतल्या फ्रेंच अधिकाऱ्यांना गुलामी रद्द झाल्याचं जाहीर करावं लागलं आणि ४ फेब्रुवारी १७९४ रोजी पॅरिसच्या सभागृहाने सगळ्याच वसाहतींतली गुलामी रद्द केली. फ्रेंच क्रांतीतला हा निर्णय सभागृहाच्या औदार्यातून आला असं मानणं मला पटत नाही. तो उठाव करणाऱ्यांनी घडवून आणला.

या लढ्यातून तुसाँ लुव्हेर्त्युर हा पूर्वीचा गुलाम सेनापती म्हणून पुढे आला. त्याने स्पॅनिश आणि ब्रिटिश फौजांना तोंड दिलं आणि १८०१ साली वसाहतीसाठी राज्यघटना लिहून घेतली. नेपोलियनला ते खपलं नाही. त्याने आपला मेहुणा लक्लेर याला पहिल्या खेपेलाच वीस हजारांहून जास्त सैनिक देऊन पाठवलं. तुसाँला बोलणीसाठी बोलावून पकडलं, फ्रान्सला नेलं आणि ज्युरा पर्वतातल्या फोर द जू किल्ल्यात ठेवलं. उष्ण प्रदेशात वाढलेला हा माणूस त्या थंडगार कोठडीत ७ एप्रिल १८०३ रोजी मरण पावला. इकडे ग्वादलूप या कॅरिबियनमधल्याच दुसऱ्या वसाहतीत फ्रान्सने गुलामी परत आणल्याची बातमी येऊन थडकली, तेव्हा आपल्यापुढे काय वाढून ठेवलं आहे हे सँ-दोमँगच्या लोकांना कळून चुकलं. मग माघार शक्य नव्हती. पीतज्वराने फ्रेंच फौज पोखरली होती, लक्लेरही त्यातच गेला. नोव्हेंबर १८०३ मध्ये व्हेर्तिएरच्या लढाईत उरलेल्या फौजेने हार पत्करली. गुलामांच्या उठावातून स्वतंत्र देश उभा राहिल्याचं आधुनिक इतिहासातलं हे एकमेव उदाहरण आहे.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. १८०४च्या सुरुवातीला नव्या देशाचा प्रमुख देसालीन याने तिथे राहिलेल्या फ्रेंच गोऱ्यांच्या कत्तलीचे हुकूम दिले. त्यात हजारो माणसं मारली गेली, बायका-मुलंही. युरोप आणि अमेरिकेतल्या गुलामांच्या मालकांनी पुढची कित्येक वर्षं याच कत्तलीकडे बोट दाखवून हैतीला वाळीत टाकण्याचं समर्थन केलं.

या एका लढ्याचे धागे कुठे कुठे गेले ते पाहिलं तर थक्क व्हायला होतं. उत्तर अमेरिकेतला लुईझियाना हा अफाट प्रदेश नेपोलियनला मुख्यतः साखरबेटांना धान्य आणि लाकूड पुरवण्यासाठी हवा होता. बेटच हातचं जायला लागल्यावर त्याने १८०३ साली तो अमेरिकेला विकून टाकला आणि अमेरिकेचा आकार जवळपास दुप्पट झाला. लक्लेरच्या मदतीला पाठवलेल्या फौजेत काही हजार पोलिश सैनिक होते. त्यांचा स्वतःचा देश शेजाऱ्यांनी वाटून घेतला होता आणि नेपोलियन तो मिळवून देईल या आशेवर ते लढत होते. त्यातले काही इथे बाजू बदलून हैतीच्या लोकांना मिळाले. १८०५च्या घटनेने गोऱ्यांना जमीन बाळगायला मनाई केली, पण तिथे राहिलेल्या पोलिश आणि जर्मन लोकांना त्यातून वगळलं, आणि देशातले सगळे नागरिक ‘काळे’ म्हणूनच ओळखले जातील असं ठरवलं. आजही हैतीतल्या व्होडू धर्मात एझिली दांतोर या देवीचं चित्र म्हणून पोलंडच्या चेंस्तोहोवा इथल्या सावळ्या मेरीचं चित्र लावलं जातं. दक्षिण अमेरिकेचा मुक्तिदाता सिमोन बोलिव्हार परागंदा होऊन १८१५च्या अखेरीस इथेच आला होता. अध्यक्ष पेतियों यांनी त्याला बंदुका आणि माणसं दिली. बदल्यात अट एकच घातली, की जिथे जिथे तुझं राज्य येईल तिथले गुलाम मोकळे कर.

पण बोलिव्हारला आसरा देणाऱ्या या देशाला मान्यता द्यायला कोणी तयार नव्हतं. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलाम होते, ब्रिटनच्या जमैकात होते, स्पेनच्या क्युबात होते. आपल्याकडच्या गुलामांनी हैतीचं नाव ऐकू नये असं सगळ्यांनाच वाटत होतं. व्यापार सगळे करत, वकिलात कोणी उघडत नसे. अमेरिकेने मान्यता दिली ती थेट १८६२ साली, लिंकनच्या काळात.

१८२५ सालचे हैतीचे अध्यक्ष ब्वाये यांच्यासमोर हे सगळं होतं. बंदराच्या तोंडाशी तोफा होत्या. फ्रान्स पुन्हा फौज पाठवील ही धास्ती वीस वर्षं होतीच आणि तिच्यापायी उत्पन्नातला मोठा वाटा लष्करावर खर्च होत होता. एकदा मान्यता मिळाली की व्यापार खुला होईल असाही त्यांचा होरा असावा. त्यांच्या जागी दुसरं कोणी असतं तर काय केलं असतं, हे दोनशे वर्षांनी सुरक्षित ठिकाणी बसून सांगणं सोपं आहे. ११ जुलैला त्यांनी फर्मान स्वीकारलं.

आता त्या कर्जाचा हिशोब, कारण खरी मेख तिथे आहे.

१५ कोटी फ्रँक म्हणजे किती? अमेरिकेने लुईझियानासाठी मोजले होते एकूण ८ कोटी फ्रँक. तो प्रदेश जवळपास सात महाराष्ट्रांएवढा होता. म्हणजे दोन जिल्ह्यांएवढ्या देशाकडून त्याच्या जवळपास दुप्पट रक्कम मागितली जात होती. एक हप्ता ३ कोटींचा, आणि तो हैती सरकारच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या सुमारे सहापट होता असा हिशोब सांगितला जातो. पहिल्या हप्त्याची मुदत होती त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरची.

तिजोरीत पैसे नव्हते. मग ते कर्ज काढून भरायचे ठरलं, आणि कर्ज काढायचं ते पॅरिसमध्येच. आपल्याकडे सावकार शंभराच्या कागदावर अंगठा घ्यायचा आणि हातात ऐंशी टेकवायचा, ही रीत जुन्या माणसांना ठाऊक आहे. पॅरिसच्या बँकवाल्यांनी अगदी हेच केलं. कागदावर कर्ज ३ कोटी फ्रँकचं, हातात पडले २ कोटी ४० लाख. व्याज ६ टक्के, तेही पूर्ण ३ कोटींवर. वर्षाचं व्याज झालं १८ लाख. हातात आलेल्या रकमेवर मोजलं तर दर साडेसात टक्के पडतो. शिवाय हप्त्याला कमी पडलेले ६० लाख उभे करायचे होतेच, आणि परतफेड करायची होती पूर्ण ३ कोटींची.

एकाच देशाला आधी खंडणी घालायची, मग ती भरण्यासाठी त्याच देशाला कर्ज द्यायचं आणि त्यावर व्याज घ्यायचं. इतिहासकार याला हैतीचं ‘दुहेरी कर्ज’ म्हणतात. एक देणं मळेवाल्यांचं, दुसरं बँकांचं, आणि दोन्हींचे पैसे पॅरिसला जाणारे.

हप्ते लगेच थकले. शेवटी १८३८ साली फ्रान्सने वेगळ्या तहाने हैतीला विनाअट मान्यता दिली आणि भरपाईची उरलेली रक्कम ६ कोटींवर आणली. आधीचे ३ कोटी धरून एकूण ९ कोटी, मुदत तीस वर्षांची. मुदत वाढली तसा बोजा पुढच्या पिढ्यांवर गेला.

हा पैसा भरला कोणी? कॉफी पिकवणाऱ्या शेतकऱ्याने. स्वतंत्र झालेल्या माणसांना मळ्यांवर परत जायचं नव्हतं. ते डोंगरात सरकले, तुकडा तुकडा जमीन धरली. सामाईक अंगणाभोवती भाऊबंदांची घरं असायची आणि भोवताली केळी, रताळी आणि कॉफीची झाडं. या वस्तीला तिथल्या क्रेओल भाषेत ‘लाकू’ म्हणतात. सरकारकडे वसुलीचा सर्वात सोपा मार्ग होता बंदरावरची जकात. कॉफीच्या पोत्यावर निर्यातकर बसला की व्यापारी तो स्वतःच्या खिशातून भरत नाही, शेतकऱ्याला भाव तेवढा कमी देतो. पॅरिसच्या हप्त्याची कात्री अशी डोंगरातल्या पोत्याला लागायची. निर्यात वाढावी म्हणून ब्वाये यांनी १८२६ साली ग्रामीण कायदा आणला, त्यात शेतमजुरांना मळ्यांशी बांधून घातलं आणि त्यांच्या फिरण्यावर निर्बंध घातले. लोकांनी तो कायदा फारसा जुमानला नाही. मला मात्र या सगळ्या कहाणीत हा कायदा सर्वात जास्त टोचतो. गुलामी संपवणाऱ्यांच्याच सरकारला तिच्यासारखंच काहीतरी परत आणावं लागत होतं, आणि त्यामागे हप्त्याची घाई होती.

त्या काळी भरपाई घ्यायची पद्धतच होती, असं म्हणणारे भेटतात. ब्रिटनने १८३३च्या कायद्याने गुलामी संपवली तेव्हाही मालकांना २ कोटी पौंड दिले आणि गुलामांना छदामही दिला नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा अखेरचा भाग ब्रिटिश सरकारने २०१५ साली फेडला. तिथेही चोर सोडून संन्याशाला फाशी हाच न्याय होता. पण ते पैसे ब्रिटिश सरकारच्या तिजोरीतून गेले. सुटलेल्या माणसांनी स्वतःच्या खिशातून जुन्या मालकांना राष्ट्र म्हणून मोबदला द्यायचा, हा प्रकार हैतीच्याच वाट्याला आला.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. १८७५ साली क्रेदी अँदुस्त्रिएल या पॅरिसच्या बँकेने हैतीला ३ कोटी ६० लाख फ्रँकचं नवं कर्ज दिलं, त्यातले सुमारे ४० टक्के कमिशनमध्येच गेले. १८८० साली याच बँकेने ‘हैतीची राष्ट्रीय बँक’ काढली. नाव हैतीचं, कचेरी पॅरिसची. देशाचा खजिना तिच्याकडे होता आणि सरकारच्या पैशाच्या जवळपास प्रत्येक व्यवहारावर ती आपला कट घेत असे. फ्रेंच पकड सैल झाली ती अमेरिकन पकड बसली तेव्हा. डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकन नौसैनिकांनी भर दिवसा हैतीच्या राष्ट्रीय बँकेतून ५ लाख डॉलरचं सोनं उचलून न्यूयॉर्कला नेलं. पुढच्याच वर्षी अमेरिकन सैन्य उतरलं आणि १९३४पर्यंत राहिलं. १९२२ साली अमेरिकन कर्ज काढून फ्रेंच देणी फेडली, आणि तेही फिटायला १९४७ साल उजाडलं. आपण स्वतंत्र झालो त्या वर्षी हैती १८२५ साली सुरू झालेल्या देण्याच्या साखळीतून मोकळा होत होता.

२०२२ साली न्यूयॉर्क टाइम्सने जुन्या दप्तरांवरून बेरीज केली. भरपाई आणि तिच्यासाठी काढलेलं पहिलं कर्ज मिळून हैतीने आजच्या किमतीत सुमारे ५६ कोटी डॉलर फेडले. एवढा पैसा देशात शाळा, रस्ते, पाटबंधारे यांत गुंतला असता तर आज त्याचं किती झालं असतं, याचा त्यांचा अंदाज किमान २१०० कोटी डॉलरचा आहे. दुसऱ्या आकड्यावर अर्थतज्ज्ञ वाद घालू शकतात आणि घालतातही. पहिल्यावर घालायला फारशी जागा नाही.

हैतीच्या सगळ्या दुखण्यांचं मूळ या एका कर्जात आहे, असं मी म्हणणार नाही. लष्करी सत्तापालट, स्वतःचे खिसे भरणारे राज्यकर्ते, १९५७ ते १९८६ पर्यंतची द्युव्हालिए बापलेकांची हुकूमशाही, हे सगळं तिथे घडलंच. पण ज्या दशकांत इतर देश रेल्वे टाकत होते, विद्यापीठं काढत होते, त्या दशकांत हैतीच्या कॉफीचे पैसे पॅरिसला जात होते. पाया घालायच्या वेळेलाच विटा उचलून नेल्या गेल्या.

हा विषय पुन्हा उघडला तो तुसाँच्या मृत्यूला दोनशे वर्षं झाली त्या दिवशी. ७ एप्रिल २००३ रोजी हैतीचे अध्यक्ष आरिस्तिद यांनी फ्रान्सकडे २१६८ कोटी डॉलरहून अधिक रक्कम परत मागितली. मागणीचा आकडा शेवटच्या ४८ सेंटपर्यंत काढलेला होता. वर्षाच्या आतच ते सत्तेवरून गेले. २०१५ साली फ्रान्सचे अध्यक्ष ओलांद ग्वादलूपमध्ये म्हणाले की हैतीला गेल्यावर आपण हे ऋण फेडू. लगेच त्यांच्या कार्यालयाने खुलासा केला की ते नैतिक ऋणाबद्दल बोलत होते. १७ एप्रिल २०२५ रोजी, फर्मानाला बरोबर दोनशे वर्षं झाली त्या दिवशी, अध्यक्ष मॅक्राँ यांनी हैतीच्या स्वातंत्र्यावर किंमत लादली गेली हे मान्य केलं आणि दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा आयोग नेमायची घोषणा केली. पैसे परत करण्याबद्दल त्या निवेदनात काहीच नव्हतं.

आयोगाला कागदांची वाण पडणार नाही. भरपाई वाटणाऱ्या फ्रेंच समितीने कोणाला किती मंजूर झालं याची यादी १८२८पासून खंडाखंडांनी छापली होती. असे सहा खंड आहेत. रकान्यांत जुन्या मालकाचं नाव आहे, दावा सांगणाऱ्या वारसांची नावं आहेत, मळा कुठल्या भागात होता आणि उसाचा की कॉफीचा ते आहे, आणि शेवटी मंजूर झालेले फ्रँक आहेत. चरकावर रात्रीची पाळी कोण करत होतं, त्याच्यासाठी त्यात रकाना नाही.